विशेषणाचा प्रत्यय

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला पहिली अडचण पडते ती उच्चारांची आणि दुसरी पडते ती शब्दयोगी अव्ययांची. या दोहोंतून तो सुखरूप पार पडला म्हणजे आता भाषा हाती आली, असे त्याला वाटू लागते. तिसरी एक अडचण मात्र सहसा त्याच्या ध्यानात येत नाही, कारण ती चुकीच्या रूपाने समोर उभीच राहत नाही. शासनाच्या आर्थिक धोरणाविषयी निबंध लिहिताना त्याने 'इकॉनॉमिक' या विशेषणाऐवजी 'इकॉनॉमिकल' हे विशेषण योजले, तर वर्णलेखनात दोष निघत नाही आणि व्याकरणाचाही नियम मोडत नाही. वाक्य सर्वस्वी शुद्ध राहते. फक्त त्याचा अर्थ असा होतो की शासनाचे धोरण मोठे काटकसरीचे आहे; आणि ते तर लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसते. दोन-तीन अक्षरांच्या एका शेपटाने अर्थ वेगळ्या रस्त्याला नेऊन सोडलेला असतो.

हे शेपूट म्हणजे प्रत्यय. इंग्रजी विशेषणाचे बहुधा दोन भाग पडतात. मूळ शब्द कोणत्या वस्तूविषयी अथवा क्रियेविषयी बोलणे चालले आहे ते सांगतो; प्रत्यय त्या वस्तूशी विशेष्याचे नाते काय ते सांगतो. ती वस्तू तिची बनलेली आहे, की तिच्यासारखी आहे? तिने भरलेली आहे, की तिला पारखी झालेली आहे? क्रिया करणारी आहे, की क्रिया सोसणारी? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलणारा त्या गुणाची स्तुती करीत आहे की निंदा? या सर्व प्रश्नांची उत्तरे इंग्रजी भाषेने शब्दाच्या अखेरीस ठेविली आहेत. ज्याचे लक्ष केवळ मुळाकडे असते, त्याला विषय कळतो. अभिप्राय कळत नाही.

वस्तुतः मराठी माणसाला ही गोष्ट अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ज्या व्याकरणपरंपरेचा वारसा त्याच्याकडे चालत आला आहे, तिच्यात प्रत्ययांचा विचार जितक्या बारकाईने झाला आहे तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. धातूला लागणारे ते कृत् आणि नामाला लागणारे ते तद्धित, हा भेद पाणिनीने घालून दिला. अष्टाध्यायीचे चौथा आणि पाचवा हे दोन अध्याय बहुतांशी तद्धितांनीच व्यापलेले आहेत. नित्याच्या बोलण्यात तर मराठी माणूस प्रत्ययांचा मोठ्या सफाईने वापर करितो. जो भांडतो तो भांडखोर, ज्याच्या ठायी दया आहे तो दयाळू, ज्याची दया यावी तो दयनीय. या तीन शब्दांतला भेद एखाद्या लहान मुलालाही समजावून सांगावा लागत नाही. मग इंग्रजीत शिरताच ही दृष्टी कोठे हरवते? त्याचे कारण इंग्रजी भाषेच्या घडणीत शोधावे लागते.

इंग्रजीचे प्रत्यय एका घरचे नाहीत. 'इश', 'फुल', 'लेस', 'ली', 'सम', 'एन' हे मूळच्या जर्मानिक घराण्यातले आहेत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, आणि पुढील काही शतकांत फ्रेंच भाषेच्या द्वारे 'एबल', 'अस', 'अल' हे प्रत्यय शब्दांबरोबर आत आले. विद्वानांनी लॅटिनमधून थेट शब्द उचलले ते निराळेच. आणि 'इक' हा प्रत्यय मूळचा ग्रीकांचा, लॅटिन आणि फ्रेंच यांच्या हातून इंग्रजीला मिळालेला. परिणाम असा झाला की एकाच कल्पनेसाठी दोन-दोन, तीन-तीन विशेषणे भाषेत येऊन बसली. राजाविषयीचेच पाहावे. 'किंग्ली' हा देशी शब्द, 'रॉयल' हा फ्रेंचांकडून आलेला आणि 'रीगल' हा लॅटिनचा. तीन शब्द एकाच अर्थाने नांदू शकत नाहीत. भाषा त्यांची वाटणी करून देते. एकाला दरबारात पाठवते, दुसऱ्याला कचेरीत, तिसऱ्याला कवितेत.

या वाटणीचा उत्तम नमुना 'मदर्ली' आणि 'मॅटर्नल' या जोडीत दिसून येतो. दोन्ही शब्द आईविषयीचे. परंतु 'मदर्ली' म्हटल्याबरोबर डोळ्यांपुढे मायेचा हात उभा राहतो. ज्या स्त्रीला मूल नाही तीही 'मदर्ली' असू शकते. 'मॅटर्नल' या शब्दाला मायेशी फारसे कर्तव्य नाही. तो नाते नोंदवितो. मामा हा 'मॅटर्नल अंकल' असतो, मग तो प्रेमळ असो वा खाष्ट. बाळंतपणात होणाऱ्या मातांच्या मृत्यूंची गणना ज्या तक्त्यात होते, त्याच्या मथळ्यावर 'मॅटर्नल' हाच शब्द असतो. 'ली' या प्रत्ययाचा पूर्वज जुन्या इंग्रजीतला 'लीक' हा होय; त्याच्या मुळाशी देह अथवा आकार असा अर्थ होता, आणि 'सारखा' या अर्थाचा 'लाइक' हा शब्दही त्याच कुळातला. 'मदर्ली' म्हणजे जिचे रूप आईचे आहे ती. 'अल' हा प्रत्यय फक्त संबंध दाखवितो. एक शब्द स्वभाव सांगतो, दुसरा खाते सांगतो.

मातीवरून झालेली तीन विशेषणे याहून बोलकी आहेत. 'अर्दन', 'अर्थ्ली' आणि 'अर्थी'. 'एन' हा प्रत्यय द्रव्य सांगतो, म्हणून 'अर्दन' भांडे हे मातीचे भांडे. 'अर्थ्ली' सुख हे इहलोकीचे सुख; त्याला मातीचा स्पर्शही नसेल, पण ते स्वर्गातले नाही एवढे नक्की. आणि 'अर्थी' म्हणजे मातीच्या गुणाचा: पहिल्या पावसानंतरचा वास 'अर्थी', आणि रांगडा, मोकळा विनोदही 'अर्थी'. मराठीत हीच कामे 'मातीचा', 'ऐहिक' आणि 'मातकट' या तीन निरनिराळ्या घडणीच्या शब्दांकडे सोपवावी लागतात. इंग्रजी त्यांना एकाच मुळावर उभी करते आणि भेदाचा सर्व भार प्रत्ययावर टाकते. 'वुडन' म्हणजे लाकडाचा आणि 'वुडी' म्हणजे लाकडासारखा किंवा झाडीने भरलेला. 'सिल्कन' वस्त्र रेशमाचे असावयाचे, तर 'सिल्की' केस रेशमासारखे मऊ. घडण आणि गुण यांच्यामधली रेषा या दोन प्रत्ययांनी आखलेली आहे, जरी कवी ती वेळोवेळी ओलांडीत असले तरी.

आता ज्या प्रत्ययात निंदेचे बीज आहे त्याकडे वळावे. 'इश' हा प्रत्यय मूळचा अगदी निरुपद्रवी होता. तो माणसाचे कुळ सांगत असे: 'इंग्लिश', 'डॅनिश', 'स्पॅनिश', 'आयरिश'. पुढे तो सामान्य नामांना लागू लागला, आणि जो ज्या वर्गाचा नाही त्याच्यात त्या वर्गाची लक्षणे दिसली की ती दाखविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. येथेच त्यात तुच्छतेने प्रवेश केला. मूल मुलासारखे वागले तर कोण कशाला बोलणार? मोठा माणूस तसा वागला म्हणजे तो 'चाइल्डिश' ठरतो. त्याच मोठ्या माणसाच्या ठायी मुलाचा विश्वास, मुलाचे कुतूहल, मुलाचा निष्कपटपणा दिसला तर त्याला 'चाइल्डलाइक' म्हणावयाचे. मूळ शब्द एक, माणूसही कदाचित एकच. परंतु पहिल्या शब्दाने त्याचा अपमान होतो आणि दुसऱ्याने गौरव. मराठीत 'बालिश' आणि 'निरागस' ही जोडी हेच काम करते. 'बालिश' हा संस्कृत शब्द आणि त्याच्या अखेरीचा ध्वनी इंग्रजी 'इश'शी जुळतो हा निव्वळ योगायोग होय; पण विद्यार्थ्याच्या स्मरणाला तो उपयोगी पडण्यासारखा आहे.

पुरुषाविषयी आणि स्त्रीविषयी जी विशेषणे इंग्रजीने घडविली, त्यांतून तर त्या समाजाचे मनच वाचता येते. 'मॅनली' हा गौरवाचा शब्द, आणि तो पुरुषासाठी राखलेला. 'मॅनिश' हा निंदेचा, आणि तो बहुधा स्त्रीच्या वाट्याला आलेला. 'वुमनली' ही स्त्रीची स्तुती; 'वुमनिश' ही पुरुषाची टवाळी. 'ली' म्हणजे ज्याला जे शोभते ते; 'इश' म्हणजे ज्याला जे शोभत नाही ते. कोणाला काय शोभते याचा निर्णय कोणी दिला, हे कोशात लिहिलेले नसते. प्रत्यय तो निर्णय मुकाट्याने बजावीत असतो. आजचे इंग्रजी लेखक हे शब्द जपून वापरतात, कित्येक तर टाळतात, याचे कारण हेच आहे.

तथापि 'इश' सर्वत्र निंदाच करितो असे नाही. रंगाला लागला म्हणजे तो केवळ छटा सांगतो: 'रेडिश' म्हणजे लालसर, 'ब्लूइश' म्हणजे निळसर. या बाबतीत मराठी अधिक संपन्न आहे. पिवळसर आणि पिवळट, काळसर आणि काळपट, यांतला भेद ज्याच्या कानाला कळतो त्याला 'इश'चे दुटप्पी वर्तन नवे वाटू नये. पिवळसर लुगडे चांगले दिसू शकते. पिवळट चेहरा पाहिला की वैद्याची आठवण होते. मराठीने छटा आणि नापसंती यांसाठी दोन प्रत्यय वेगळे ठेविले. इंग्रजीने एकाच प्रत्ययाला दोन्ही कामे दिली. पुढे तर इंग्रजी बोलणारे लोक हा प्रत्यय वयाला आणि घड्याळाच्या वेळेलाही लावू लागले. 'सेव्हनिश' म्हणजे सातच्या सुमारास. काही जण तर प्रश्नाच्या उत्तरादाखल 'इश' एवढेच म्हणतात आणि त्याचा अर्थ 'तसे म्हणा हवे तर' असा होतो. शेपटाने स्वतःचा संसार थाटल्याचे हे विरळा उदाहरण आहे.

'फुल' आणि 'लेस' ही जोडी शाळेत विरुद्धार्थी म्हणून शिकविली जाते. 'होपफुल' आणि 'होपलेस', 'केअरफुल' आणि 'केअरलेस' येथपर्यंत ती शिकवण खरी ठरते. पण 'शेमफुल' आणि 'शेमलेस' यांच्यापाशी ती कोलमडते. यांतला एक शब्द निंदेचा म्हणून दुसरा स्तुतीचा असावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात दोन्ही निंदेचेच आहेत. 'शेमफुल' असते कृत्य आणि 'शेमलेस' असतो माणूस. लाजिरवाणे कृत्य निर्लज्ज माणूस करितो, असे मराठीत म्हटले की कोडे आपोआप सुटते. ज्याच्या ठायी लाज खरोखरच भरलेली आहे त्याला मराठी लाजाळू म्हणते. इंग्रजीला त्यासाठी दुसरे मूळच शोधावे लागते. 'प्राइसलेस' या शब्दाने तर कित्येकांना फसविले आहे. ज्याला किंमत नाही ते 'प्राइसलेस' नव्हे. ज्याची किंमत करता येत नाही ते. किंमत नसलेल्या वस्तूला 'वर्थलेस' म्हणतात. मराठीतील 'अनमोल' आणि संस्कृतातील 'अमूल्य' हे शब्द नेमके याच वाटेने गेलेले आहेत, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'ऑफुल' हा शब्द एकेकाळी ज्याने मनात भययुक्त आदर दाटून यावा अशा गोष्टीसाठी होता. झिजत झिजत तो आता वाईट चहालाही लागू पडतो. प्रत्ययही झिजतात, नाण्यावरील मुद्रा पुसावी तसा त्यांचा अर्थ पुसत जातो.

'इक' आणि 'इकल' यांचा झगडा या सर्वांहून सूक्ष्म आहे. दोन्ही प्रत्यय एकाच कुळातले, आणि अठराव्या शतकातील लेखक ते पुष्कळदा अदलाबदलीने वापरीत. पुढे अनेक जोड्यांत भाषेने अर्थाची विभागणी केली. 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात ज्याची नोंद राहील असे. 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाशी संबंध असलेले. १ मे १९६० हा महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा दिवस 'हिस्टॉरिक' होय. हरिभाऊ आपटे यांची 'उषःकाल' ही शिवकालावरील कादंबरी 'हिस्टॉरिकल' होय; मराठी कादंबरीच्या वाटचालीतले तिचे स्थान पाहता कोणी तिला 'हिस्टॉरिक'ही म्हणेल, पण तो निराळा अभिप्राय झाला. मराठीत दोन्ही ठिकाणी 'ऐतिहासिक' हा एकच शब्द चालतो, आणि म्हणूनच भाषांतर करणाराची येथे परीक्षा होते.

मुंबईहून १९४९ साली 'इकॉनॉमिक वीकली' या नावाने सुरू झालेले आणि १९६६ पासून 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नावाने निघणारे साप्ताहिक देशभर प्रसिद्ध आहे. त्याच्या नावात एका विशेषणाला 'इक' आहे आणि दुसऱ्याला 'इकल'. एखाद्याने दोहोंचे प्रत्यय बदलून टाकले, तर गंभीर अर्थकारणाचे आणि राजकारणाचे हे पत्र क्षणात 'काटकसरी आणि धूर्त साप्ताहिक' होऊन बसेल. कारण 'पोलिटिक' म्हणजे राजकीय नव्हे, प्रसंग पाहून शहाणपणाने, किंबहुना चतुराईने वागणारा. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी वापराच्या कोशात या दोन प्रत्ययांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. एकाच अर्थाच्या दोन रूपांची भाषेने अर्थवार विभागणी केली तर ती भाषेची मिळकत समजावी, अशी त्यांची भूमिका होती. तर्काने ही विभागणी सिद्ध करता येत नाही. 'इक'ने अमुक आणि 'इकल'ने तमुक, असा नियम प्रत्येक जोडीला लावू पाहणारा फसतो. ती जोडीगणिक शिकावी लागते.

यापुढची पायरी म्हणजे कर्ता कोण आणि कर्म कोण हे ओळखण्याची. 'कंटेम्प्टिबल' आणि 'कंटेम्प्चुअस' हे दोन्ही शब्द तिरस्काराचे आहेत. ज्याचा तिरस्कार करावा तो पहिला. जो तिरस्कार करितो तो दुसरा. न्यायालयात साक्षीदाराने वकिलाला दुसरा शब्द लावला तर ते वर्णन होईल. पहिला लावला तर शिवी होईल. 'इंटरेस्टेड' आणि 'इंटरेस्टिंग', 'बोअर्ड' आणि 'बोअरिंग' या जोड्यांतही तोच भेद आहे. कंटाळा एका माणसाला येतो आणि दुसरा माणूस तो आणतो. प्रत्ययाची चूक झाली की कंटाळलेला श्रोता स्वतःलाच कंटाळवाणा म्हणवून घेतो. आदराच्या मुळावर तर तीन फांद्या फुटल्या आहेत. 'रिस्पेक्टेबल' म्हणजे ज्याला समाजात मान आहे तो, 'रिस्पेक्टफुल' म्हणजे जो दुसऱ्याचा मान राखतो तो, आणि 'रिस्पेक्टिव्ह' म्हणजे ज्याचा त्याचा, आपापला. यांतल्या तिसऱ्याला आदराशी काही देणेघेणे उरलेले नाही. अर्जाच्या अखेरीस आदर व्यक्त करण्याच्या नादात तिसऱ्या शब्दाचे क्रियाविशेषण लिहून बसणारे अर्जदार आजही आढळतात.

या सर्व प्रत्ययांत ज्याचा व्यवहार सर्वांत मोठा आणि ज्याची जोखीम सर्वांत अधिक, तो प्रत्यय म्हणजे 'एबल'. तो लॅटिनमधून आला आणि इंग्रजीने त्याला इतके आपलेसे केले की 'इटेबल', 'ड्रिंकेबल' यांसारख्या अस्सल देशी धातूंनाही तो बेलाशक लागतो. संस्कृतातील 'य', 'अनीय' आणि 'तव्य' हे प्रत्यय, आणि मराठीतले 'जोगा' व 'पात्र' हे उत्तरपद, मिळून जे काम करितात, ते हा एकटा करितो. पण ते काम एकच नाही. 'ब्रेकेबल' म्हणजे जे फुटू शकते. 'रीडेबल' म्हणजे नुसते वाचता येण्यासारखे नव्हे, वाचावेसे वाटण्यासारखे. आणि 'पेएबल' म्हणजे देता येण्यासारखे मुळीच नव्हे, द्यावेच लागणारे. शक्यता, योग्यता आणि कर्तव्य या तीन निरनिराळ्या गोष्टी एका प्रत्ययाच्या पोटात दडलेल्या आहेत.

यातून होणारा घोटाळा नेहमीच कागदावरचा नसतो. 'इन्फ्लेमेबल' हे विशेषण लॅटिनमधील पेट घेण्याच्या क्रियापदापासून झालेले आहे. त्याच्या आरंभीचा 'इन' हा त्या क्रियापदाचाच भाग आहे, नकार नव्हे. परंतु 'एबल' शेवटी आणि 'इन' आरंभी असे रूप दिसले की 'इन्करेबल', 'इन्कॅपेबल' यांच्या सवयीने वाचणाऱ्याला ते नकारार्थी वाटावे, हे स्वाभाविक होते. ज्या पिंपावर 'पेट घेणारे' असे लिहिले आहे, त्यावर 'न पेटणारे' असे कोणी वाचले तर त्या चुकीची किंमत प्राणाने द्यावी लागेल. म्हणूनच अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने १९२० नंतरच्या दशकात 'फ्लेमेबल' हे आखूड रूप वापरण्याचा आग्रह धरला, आणि धोक्याच्या सूचनांतून ते रूढ होत गेले. भारतात मात्र इंधन वाहून नेणाऱ्या कित्येक टँकरवर जुनाच शब्द रंगविलेला दिसतो. शेजारी 'ज्वालाग्राही' अथवा 'ज्वलनशील' असा शब्द असला म्हणजे शंका उरत नाही. 'ग्राही' आणि 'शील' या उत्तरपदांनी सांगावयाचे ते निःसंदिग्धपणे सांगितलेले असते.

कायद्याच्या भाषेत तर 'एबल'वर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. गुन्हा 'बेलेबल' की 'नॉन-बेलेबल', मराठीत जामीनपात्र की अजामीनपात्र, हा प्रश्न अटकेच्या क्षणी सर्वांत आधी विचारला जातो. शब्दाच्या घडणीवरून सामान्य माणूस असा तर्क करितो की पहिल्यात जामीन मिळू शकतो आणि दुसऱ्यात मिळूच शकत नाही. कायद्याचे म्हणणे तसे नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा भेद होता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. जामीनपात्र गुन्ह्यात आरोपी जामीन देण्यास तयार असेल तर सुटका हा त्याचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क नसतो. जामीन द्यावा की न द्यावा हे न्यायालय कायद्याच्या मर्यादेत ठरविते, आणि अशा गुन्ह्यांतही जामीन मंजूर होतो. म्हणजे येथील 'एबल' हा शक्यतेचा नाही, हक्काचा आहे. आणि नकार लागतो तो हक्काला लागतो, शक्यतेला नव्हे. हे न उमगल्यामुळे 'अजामीनपात्र' हा शब्द कानी पडताच एखाद्या गरीब कुटुंबाने अर्ज करण्याचीच आशा सोडून दिली, तर त्याचा दोष एका प्रत्ययाच्या चुकीच्या वाचनाकडे जातो.

आणि अखेरीस ज्या विशेषणाचा उल्लेख केल्यावाचून हा विचार पुरा होऊ शकत नाही, ते 'अनटचेबल'. त्याला प्रतिशब्द म्हणून उभा असलेला 'अस्पृश्य' हा शब्दही त्याच घडणीचा आहे. 'स्पृश्' या धातूला 'य' हा प्रत्यय लागून स्पृश्य, आणि त्याचा नकार. 'एबल' आणि 'य' या दोन्ही प्रत्ययांचा एक धर्म असा की क्रियेचा कर्ता ते दृष्टीआड करितात. 'ब्रेकेबल' म्हटले की फुटण्याचा गुण भांड्यात आहे असे वाटते; फोडणारा कोण याची चौकशी होत नाही. भांड्याच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र सर्वच बिघडते. स्पर्श नाकारणारा एक माणूस असतो आणि ज्याला तो नाकारला जातो तो दुसरा. प्रत्यय त्यांतल्या पहिल्याला वाक्यातून उठवून बाहेर नेतो, आणि दुसऱ्याच्या अंगी तो जणू जन्मजात गुणच असावा असे भासवितो. अन्याय एकाने करावा आणि त्याचे विशेषण दुसऱ्याने वागवावे, अशी ही व्यवस्था आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या उपशीर्षकात दोन प्रश्न विचारले: हे लोक कोण होते, आणि ते अस्पृश्य का झाले? 'झाले' या एका क्रियापदाने प्रत्ययाचा सारा दावा मोडीत निघतो. जे झाले ते मूळचे नव्हते. ज्याला कारण आहे तो स्वभाव नव्हे. १९२७ साली त्यांनी जे पाक्षिक काढले त्याचे नाव होते 'बहिष्कृत भारत'. 'बहिष्कृत' या शब्दाच्या शेवटी 'त' हा प्रत्यय आहे. तो भूतकाळी घडलेल्या कृतीचा आणि ती सोसणाऱ्याचा प्रत्यय आहे; तो लागला की 'कोणी?' हा प्रश्न विचारणे भाग पडते. बहिष्कृत असतो त्याला कोणीतरी बहिष्कार घातलेला असतो. १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी आपल्या संघटनेला 'दलित पँथर' हे नाव दिले, त्या नावातल्या 'दलित' शब्दाच्या अखेरीसही तोच 'त' उभा आहे: ज्याला दडपले, चिरडले तो. इंग्रजीत हे काम 'एड' हा प्रत्यय करितो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापन केलेल्या मिशनच्या इंग्रजी नावात 'डिप्रेस्ड' हे विशेषण होते. ज्यांना दाबून ठेवले आहे, असे. 'एबल'पासून 'एड'पर्यंत आणि 'य'पासून 'त'पर्यंतचा हा प्रवास व्याकरणाच्या पुस्तकात दोन पानांचा असेल. समाजाच्या इतिहासात तो कित्येक पिढ्यांचा आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात हा शब्द अवतरणचिन्हांत छापलेला आहे. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निकालपत्रात म्हैसूरच्या उच्च न्यायालयाने या चिन्हांकडे लक्ष वेधून असे म्हटले की या शब्दाचा शब्दशः अथवा व्याकरणाने निघणारा अर्थ येथे अभिप्रेत नाही. या देशाच्या इतिहासात जी प्रथा वाढत आली, ती अभिप्रेत आहे. साथीच्या रोग्याला काही दिवस वेगळे ठेवतात, तेथेही स्पर्श टाळलाच जातो. पण संविधानाने जे नष्ट केले ते हे नव्हे. प्रत्यय जे सांगतो तेवढ्यावर थांबता येत नाही, आणि तो जे लपवितो तेही शोधावे लागते, हे एका न्यायालयाने इतक्या स्पष्टपणे नोंदवावे, याचे महत्त्व भाषेच्या अभ्यासकाने ओळखले पाहिजे.

इंग्रजी शिकविणारा शिक्षक वर्गात प्रत्ययांचा तक्ता फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थी तो पाठ करितात. तक्ता पाठ असणे आवश्यकच आहे. परंतु त्याबरोबर प्रत्येक विशेषणापाशी क्षणभर थांबून तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली तर पाठांतराचे ज्ञान होईल. हा प्रत्यय नाते कोणते सांगतो? यात स्तुती आहे की निंदा? आणि या गुणाचा कर्ता वाक्यात आहे की बाहेर घालविलेला आहे? हे प्रश्न परभाषेवर विचारून झाले की विद्यार्थी ते स्वतःच्या भाषेवरही विचारू लागतो, आणि आजवर सहज तोंडातून गेलेली कित्येक विशेषणे त्याच्या ओठांवर अडू लागतात. मराठीत 'प्रत्यय' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: शब्दाला जोडावयाचे अक्षर आणि अनुभवाने येणारी खात्री. जो पहिला नीट शिकला, त्याला दुसरा आल्याखेरीज राहत नाही.